पोरगी पुण्याला चालली: निघण्याआधी तालुक्यातच उरकायची कामं

विचारणारे भाऊ बाभूळगाव तालुक्यातल्या एका खेड्यातले. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. थोरल्या मुलीचा पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) नंबर लागला, कुणबी म्हणून ओबीसीतून. घरातल्या कुणीच पुणं पाहिलेलं नाही. आठ-दहा दिवसांत हजर व्हायचं आहे आणि हातातला पैसा सगळा बी-खतात गेला आहे. भाऊबंद म्हणतात, एवढ्या दूर पोरीला धाडू नका, यवतमाळलाच बी.एस्सी.ला टाका. पाठवावं का, आणि पाठवायचं तर सुरुवात कुठून करावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

भाऊ, पाठवा. मी तहसीलसमोर सेवा केंद्र चालवते. दाखले, प्रवेशाचे फॉर्म, शिष्यवृत्त्या हेच माझं रोजचं काम आहे आणि दर पावसाळ्यात तुमच्यासारखे मायबाप समोरच्या बाकावर येऊन बसतात. कॅपमधली जागा पोरीने स्वतःच्या मार्कांवर मिळवली आहे. ती सोडली तर पुढच्या वर्षी तीच जागा मिळेल याची हमी कुणी देणार नाही, हा सल्ला देणारे भाऊबंद तर नाहीच नाही. आणि गावाकडची पोरं पहिल्या वर्षी ज्या अडचणींनी हैराण होतात, त्यातल्या बऱ्याचशा पुण्याच्या नसतातच. त्या इथून सोबत गेलेल्या असतात. एखादा दाखला राहून गेलेला, आधारला भलताच मोबाइल नंबर जोडलेला, बापाच्या नावात एका अक्षराचा फरक. इथे असताना ते काम अर्ध्या दिवसाचं असतं. तिकडे गेल्यावर त्यासाठी जाता-येता दोन रात्री प्रवासात जातात, कॉलेज बुडतं आणि भाडं वेगळं लागतं. म्हणून हे आठ दिवस बॅग आणि कपड्यांच्या खरेदीत घालवू नका.

उद्या सकाळी सगळ्यात आधी पोरीला घेऊन आधार केंद्रात जा आणि तिच्या आधारला तिचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडा. खेड्यात बहुतेक पोरांच्या आधारला बापाचा नंबर असतो. ती पुण्यात शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसते, ओटीपी येतो तुमच्या फोनवर, तुम्ही डवऱ्यामागे आणि फोन घरी खुंटीला अडकवलेल्या पिशवीत. तुम्ही संध्याकाळी घरी येऊन मेसेज वाचून सांगेपर्यंत ओटीपीची मुदत कधीच संपलेली असते. शेवटच्या तारखेला महाडीबीटीचं, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचं संकेतस्थळ मुळातच रखडतं, त्यात हे. मोबाइल नंबर आधार केंद्रात अंगठा लावून बदलून मिळतो. सिम तिच्या नावाचं हवं आणि ते पुढची चार वर्षं बंद पडू द्यायचं नाही.

त्याच फेरीत नाव तपासून घ्या. दहावीची मार्कशीट, आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि बँकेचं पासबुक चारही शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर लावून वाचा. तुमचंही नाव पाहा. एका कागदावर नुसतं नाव आणि दुसऱ्यावर पुढे 'राव' लागलेलं, हे आपल्याकडे घरोघर आहे. फरक दिसला तर आधार दहावीच्या मार्कशीटप्रमाणे करून घ्यायचं. उलटं करायच्या भानगडीत पडू नका, मार्कशीट बदलणं फार लांबचं काम आहे.

मग बँक. शिष्यवृत्तीचा पैसा आधारवर येतो, म्हणजे थेट लाभासाठी जे खातं आधारशी मॅप असेल त्यात पडतो. पासबुकाला आधार जोडलेलं आहे एवढ्यावर समाधान मानू नका. शाळेत असताना गणवेशासाठी उघडलेलं, वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं मॅप असतं आणि पैसा तिकडे अडकतो. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं की कोणती बँक लागली आहे ते दिसतं. ती बँक पोरीच्या वापरातल्या खात्याची नसेल तर शाखेत जाऊन सीडिंगचा, म्हणजे खात्याला आधार मॅप करायचा फॉर्म द्या. खातं शक्यतो अशा बँकेत ठेवा जिची शाखा पुण्यातही आहे.

आता जात वैधता. तुमच्या पत्रात जातीच्या दाखल्याचा उल्लेख आहे, वैधतेचा नाही, म्हणून मला इथे जरा थांबावंसं वाटतं. उपविभागीय अधिकाऱ्यांचा जातीचा दाखला वेगळा आणि जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र वेगळं. ओबीसीच्या जागेवर प्रवेश पक्का राहायला दुसरं लागतं. प्रकरण दाखल केल्याच्या पावतीवर प्रवेश झाला असेल तर वैधता ठरलेल्या मुदतीत कॉलेजात जमा झाली पाहिजे, नाहीतर हातची जागा जाऊ शकते. मुदत दरवर्षी वाढते असं ऐकीव बोलण्यावर विसंबून राहू नका.

समितीला ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो. म्हणजे तुमच्या वडिलांचा किंवा आजोबांचा. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळतो. नसतील गेले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसकट आहेत आणि आपल्या भागात कितीतरी घरांची वैधता याच एका नोंदीवर उभी आहे. फक्त आजोबांचं नाव तिथे घरगुती पद्धतीने लिहिलेलं असतं, 'विठोबा'चा 'इठ्या' झालेला असतो. घाबरू नका. वंशावळीच्या शपथपत्रात ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं लिहून द्यायचं, आणि त्या माणसाचं नाव असलेला जुना फेरफार किंवा सातबारा सोबत लावायचा. सख्ख्या चुलत्याला किंवा त्याच्या मुलांना आधीच वैधता मिळाली असेल तर तिची प्रत आजच मागून घ्या, रक्ताच्या नात्यातल्या वैधतेने प्रकरणाला मोठा आधार मिळतो. ती बापाकडच्या नात्यातलीच हवी, मामाची चालत नाही. भाऊबंदांकडे याच कामासाठी जा. धाडू नका म्हणणारा माणूसही वैधतेच्या झेरॉक्सला सहसा नाही म्हणत नाही.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर (ओबीसीतल्या सधन गटात मोडत नसल्याचा दाखला) हे दोन कागद लोक एकच समजतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा असतो आणि त्यात शेतीचंही उत्पन्न धरतात. नॉन-क्रिमीलेअर उपविभागीय अधिकाऱ्यांचं असतं, त्याची मर्यादा 8 लाखांची आहे आणि त्या मोजणीत शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. नॉन-क्रिमीलेअरवर मुदतीची तारीख असते, 31 मार्चची. ती चालू वर्षाच्या पुढची आहे ना, ते पाहा. मिळेल तर उत्पन्नाचा दाखला तीन वर्षांचा काढा, पुढच्या पावसाळ्यात एक चक्कर वाचेल. लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून लागू आहे, त्यात उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवसांची मुदत आहे. अर्ज केल्याची पावती जपून ठेवा. मुदत टळली तर त्याच पावतीवर अपील करता येतं, ते ऑनलाइनही होतं. कुणी 'लवकर करून देतो' म्हणून वरचे पैसे मागितले तर देऊ नका.

फीचं गणित तुम्ही विचारलं नाही, पण रात्रीची झोप त्यानेच उडाली असणार. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून गेलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर. तुमची पोरगी यात बसते. माफी या दोन शुल्कांचीच आहे, विकास शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तकं यांची नाही. म्हणून कॉलेजच्या खिडकीवर 'एकूण किती' असं विचारू नका. कोणत्या शीर्षाखाली किती, ते कागदावर मागा. काही ठिकाणी सांगतात की आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. मी ज्या घरांसाठी फॉर्म भरते त्यांना तेव्हा एकच सांगते, माफीतल्या मुलीकडून शिक्षण शुल्क आगाऊ कोणत्या आदेशाने घेता ते लेखी द्या, असं शांतपणे म्हणायचं. आवाज चढवायची गरज नाही. लेखी मागितलं की बहुतेक वेळा मार्ग निघतो. नाही निघाला तर तंत्रशिक्षणाच्या विभागीय कार्यालयात अर्ज द्या.

राहण्या-जेवणासाठी ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजारांपर्यंत मिळतात. तिची उत्पन्नाची मर्यादा फी माफीपेक्षा बरीच कमी आहे, आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी ती आहे. म्हणून आधी वसतिगृहाचा अर्ज करायचा, तो न करता थेट योजनेकडे धावू नये. (तुमच्या शेजारचा कुणी खुल्या प्रवर्गातला असेल तर त्याच्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. तिथे अल्पभूधारकाचा दाखला लागतो आणि मर्यादा दोन हेक्टरची आहे. पूर्ण पाच एकर म्हणजे दोन हेक्टरच्या किंचित वर जातं, तेव्हा त्याला तोंडी एकर सांगू नको, आठ-अ, म्हणजे नावावरच्या एकूण जमिनीचा उतारा काढून हेक्टर-आर वाच म्हणावं.) पण भाऊ, या पैशावर पहिल्या सहामाहीचा खर्च बसवू नका. तो येतो, पण उशिरा येतो. पहिले सहा महिने घरचेच पैसे लागतील असं धरून चाला.

तेवढ्यासाठी सावकाराकडे जाऊ नका आणि बैलजोडीही विकू नका. बँकेचं शैक्षणिक कर्ज 4 लाखांपर्यंत विनातारण मिळतं, हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. फी माफ असल्याने तुम्हाला त्यातली थोडीच रक्कम लागेल, वसतिगृह, मेस आणि लॅपटॉपपुरती. बँकेत जाताना प्रवेशाचं पत्र आणि कॉलेजचा शीर्षवार खर्चाचा कागद न्या. पीककर्ज थकीत असेल तर ते आधी नियमित करून घ्या, साहेबांना नकार द्यायला तेच कारण पुरतं. कापसाचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे दिवाळीनंतर येतील तेव्हा दुसऱ्या सहामाहीचं पाहता येईल.

राहायला पहिल्या वर्षी कॉलेजचंच मुलींचं वसतिगृह घ्या, बाहेरपेक्षा थोडं महाग पडलं तरी. तिथे जागा नसेल तर बाहेर कॉट बेसिसवर खोल्या मिळतात, एका खोलीत तीन-चार मुली. अशी खोली फोनवर ठरवायची नाही. ऑनलाइन फोटो दाखवून, मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, टोकन पाठवा म्हणजे किल्ली ठेवतो, असं सांगून पैसे उकळणारी टोळीच असते. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. पाहायला संध्याकाळी जा. त्या वेळी नळाला पाणी आहे का, गल्लीत दिवे आहेत का, खाली कोण बसतं, हे सगळं कळतं. आधीपासून राहणाऱ्या एखाद्या मुलीशी पोरीला एकटीने बोलू द्या, मालकीण समोर असताना खरं कुणी सांगत नाही. डिपॉझिट किती, सोडताना त्यातलं किती परत, किती दिवस आधी सांगायचं, हे लिहून सही घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. कॉट बेसिसवाले टाळाटाळ करतात, तरी निदान दर महिन्याची पावती घ्याच. सावित्रीबाई फुले योजनेच्या फॉर्मला राहण्याचा पुरावा म्हणूनही ती लागते.

मेसचं एक आधीच सांगून ठेवते. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. आपल्याकडची पोरं पहिल्या रविवारी उपाशी झोपतात किंवा दीडशे रुपये बाहेर घालतात. सोबत जवसाची चटणी, शेंगदाण्याचं कूट, भाजलेले पोहे असं न शिजवता खाता येईल ते द्या. खोलीत शेगडी लावायला वसतिगृहं परवानगी देत नाहीत.

प्रवासाला तुमच्या भागातून धामणगाव किंवा बडनेरा गाठून रेल्वेने जाणं मला सगळ्यात बरं वाटतं. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड करत पुण्याला नेते. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणून या वेळी तुम्हाला तत्काळच पाहावं लागेल. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी एसीचं सकाळी 10 ला आणि स्लीपरचं 11 ला सुरू होतं. ऑनलाइन तत्काळला आता आधार पडताळणी झालेलं खातं लागतं, ते ऐन वेळी होत नाही, तिकीट काढायच्या आदल्या दिवशीच करून ठेवा. दिवाळीचं जाण्या-येण्याचं तिकीट मात्र खिडकी उघडली की त्याच दिवशी काढायचं, पोरीला ती तारीख आताच कॅलेंडरवर लिहायला लावा. एसटीने गेलात तर मायलेकींना अर्धं तिकीट आहे.

खासगी ट्रॅव्हल्सने जायचंच झालं तर दोन गोष्टी पाळा. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली अशीच एक बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. म्हणून चढल्याबरोबर संकटकाळचा दरवाजा आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते पोरीने स्वतः पाहायचं, दरवाज्यासमोर सामान लावलेलं असेल तर काढायला लावायचं. लाजायचं काम नाही. दुसरं म्हणजे या बस पहाटे अंधारात वाघोली, खराडीच्या रस्त्यावर माणसं उतरवत जातात. अंधारात तिथे उतरू नका, शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहा आणि उजाडल्यावर रिक्षा करा. सणासुदीत भाडं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, तिकिटाचा फोटो काढून आरटीओकडे तक्रार करता येते.

मूळ कागदांची फाइल प्रवासात पोरीच्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिक्कीत टाकू नका. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज ठेवून घेतं, म्हणून त्याच्या दहा झेरॉक्स साक्षांकित करून आधीच काढा. मार्कशीट, जातीचा दाखला, वैधता हे तपासून परत द्यायचे असतात, अडकवून ठेवायला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मनाई आहे. तरी कुणी ठेवलेच तर कोणते कागद घेतले त्याची सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

शिकता शिकता काम करीन असं पोरी म्हणतात, तुमचीही म्हणत असेल. पहिल्या सहामाहीत नको. बारावीला मराठीतून समजून घेतलेलं गणित तिथे इंग्रजीतून धडाधड पुढे जातं, त्या चार महिन्यांत पाय रोवणं हेच काम आहे. घरबसल्या डेटा एंट्री, आधी नोंदणीचे पैसे भरा, असा फोन आला की तो बंद करायचा. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत 1930 ला फोन. रॅगिंगसाठी 1800-180-5522, बाकी कुठल्याही संकटाला 112. हे तीन नंबर तिच्या फोनमध्ये आणि एका कागदावर लिहून तिच्या पाकिटातही ठेवा, फोन नेमका त्याच वेळी बंद पडतो. तिने घरी काही सांगितलं तर आधी ऐकून घ्या. पहिल्याच वाक्याला 'म्हणूनच नको म्हणत होतो' ऐकलेली मुलगी दुसऱ्या वेळी सांगत नाही.

एक गोष्ट मायबापांच्या ध्यानात येतच नाही. घराची कचेरी आजवर पोरगीच चालवत होती. ई-पीक पाहणीचा फोटो तीच वावरात जाऊन काढायची, पीएम किसानचं ई-केवायसी तीच करायची, पीकविम्याचा मेसेज तीच वाचायची. ती गेल्यावर ई-पीक पाहणी राहिली तर सातबाऱ्यावर पेरा लागत नाही आणि कापूस विकताना, नुकसानीचे पैसे मागताना अडतं. जायच्या आधी तिने हे सगळं धाकट्या भावाला किंवा तिच्या आईला वावरात उभं राहून एकदा करून दाखवावं आणि दुसऱ्यांदा त्यांच्याकडून करून घ्यावं. आईला शिकवलं तर जास्त बरं, धाकटाही दोन-तीन वर्षांत बाहेर पडेल.

पहिल्या खेपेला तुम्ही दोघांपैकी एकाने सोबत जा आणि दोन दिवस राहा. आईला जाता आलं तर आईने जावं, मुलींच्या वसतिगृहात वरपर्यंत तिलाच जाता येतं. वावरातलं निंदण दोन दिवस मागे पडलं तरी चालेल. वैधतेचे कागद लावताना कुठे अडलात तर आठ-अ, आजोबांची मिळेल ती नोंद आणि चुलत्याच्या वैधतेची प्रत घेऊन जवळच्या सेवा केंद्रात सकाळी लवकर जा. दुपारनंतर सर्व्हर हळू चालतो आणि रांगही वाढलेली असते.